एकट्या बैलाचा पोळा

पुरणात जायफळ पडलं की मला चुलत्यांचा बैल आठवतो. ताम्हिणीतल्या आमच्या वाडीत पॉवर टिलर आले आणि बैल तेवढा एकच उरला, म्हणून पोळ्याला घराघरातून पुरणपोळीचं ताट त्याच्याच पुढं आलं. "निवदाला न्हाई कसं म्हनायचं," म्हणत चुलते बाजूला झाले आणि तो खात राहिला. सकाळी त्याचा रवंथ बंद होता, डावी कूस ढोलासारखी फुगली होती आणि तोंडाला आंबूस वास येत होता. "हे गवत पचवणारं पोट आहे, पुरण त्यात नुसतं आंबतं," डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत बैल गेला. त्याच्या शिंगांचा रंग पुसत चुलती बोलली, "समद्यांनी पाया पडून पडून मारला." यंदा पोळ्याला वाडीत गेलो तर पाटावर मातीचा बैल होता, आणि त्याच्यापुढं तेवढीच ताटं.