आत्याचा भोवरा

माझ्या आत्याला कुणी "असं करू नका" म्हटलं की तिची मान ताठ व्हायची. टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्सची नोकरी केलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली बाई. निवृत्त झाल्यावर आता चार देवळं बघ, यात्रेला जा, असं नातेवाईक सांगत होते. तिने कुत्रा पाळला.

भोवरा तिला जवळच्याच मोहने गावात सापडला, बंद कारखान्याच्या भिंतीलगत. आई रस्त्यावरची, बाप कुठल्याशा बंगल्यातला शेफर्ड असावा, असा आत्याचा अंदाज. एक कान उभा, एक पडलेला, आणि पाय जणू दुसऱ्याच कुणाचे आणून लावलेले. "जात कोणती हो सिस्टर?" असं कुणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "कुत्र्याची." आनंद झाला की तो स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायचा, म्हणून भोवरा. आणि आनंद त्याला कशानेही व्हायचा. दूधवाला आला म्हणून, दूधवाला गेला म्हणूनसुद्धा.

"रिकामं डोकं आणि भरलेलं पोट माणसालाही झेपत नाही, हा तर कुत्रा," असं ती म्हणायची. त्यामुळे भोवऱ्याला आयतं जेवण कधी मिळालं नाही. अळणी भात आणि उकडलेलं चिकन ती जुन्या टॉवेलात गुंडाळायची, त्याला गाठी मारायची आणि बाल्कनीतल्या कुंड्यांमागे लपवायची. तो शोधायचा, गाठी सोडवायचा, मग जेवायचा. ऊन चढायच्या आत नदीकाठी मनसोक्त पळणं. परत आल्यावर आत्या जमिनीवर पाय पसरून बसायची, चष्मा लावायची आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधायची. एरवी क्षणभर न टिकणारा तो प्राणी तेव्हा पंजा तिच्या मांडीवर टाकून निमूट पडायचा. मी एकदा कौतुकाने त्याला कांदाभजी द्यायला गेले, तर अशी ओरडली! "अगं, कांदा विष आहे त्याला! प्रेम करायचं तर आधी माहिती करून घे."

मग तो प्रसंग घडला. नदीकाठी भोवऱ्याला बगळा दिसला, त्याने झेप घेतली आणि पट्टा हाताला गुंडाळलेली आत्या त्याच्यामागे फरफटली. मनगट मोडलं. बाबा डोंबिवलीहून तडक निघाले, मीही सोबत होते. आत्या पलंगावर हात गळ्यात अडकवून बसलेली, आणि भोवरा तिच्या पायांवर डोकं टेकून.

"ताई, बास झालं," बाबा म्हणाले. "मुरबाडला माझ्या ओळखीच्या माणसाची वाडी आहे. ह्याला तिकडे सोडू."

"का?"

"का म्हणजे? हाड मोडलं तुझं!"

"हाड मोडलंय, अक्कल नाही," आत्या म्हणाली. "पट्टा हाताला गुंडाळायचा नसतो. चूक माझी, आणि वनवास ह्याला?"

बाबा हरले, पण बिल्डिंगमध्ये बातमी पोचली होती. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. सिस्टरना पाडलं, उद्या एखाद्या पोराला पाडलं तर? कुत्रा बिल्डिंगमधून हलवा. आत्या प्लॅस्टरसकट उभी राहिली. "तुमचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर चुकीचं आहे. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. तेव्हाही तो तुमच्या पोरांच्या अंगावर गेला तर बोला."

आणि तिने त्याला शिकवायला घेतलं. एका हाताने. आधी बंद खोलीत, मग जिन्यात, मग गेटपाशी जिथून रिक्षा, मांजरं आणि फटाके उडवणारी पोरं जात. "बस." बसला की चिकनचा तुकडा. उठला की पुन्हा पहिल्यापासून. त्याला मारलं नाही, त्याच्यावर ओरडलीही नाही. मी सुट्टीच्या दिवशी गेले की थकून म्हणायचे, "आत्या, त्याला नाही गं जमणार." ती म्हणायची, "तो अजून थकलेला नाही. तू कशी थकलीस?"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, पोरांचं क्रिकेट चालू असताना, तिने त्याला कंपाउंडच्या मधोमध बसवलं, पट्टा सोडला आणि पाठ फिरवून चालत गेली. बॉल त्याच्या नाकासमोरून घरंगळत गेला. भोवऱ्याचं सगळं अंग थरथरत होतं, घशातून बारीक कुईकुई येत होती. पण बूड जमिनीवरून हललं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आज बसला," सेक्रेटरी म्हणाले. "उद्याचं काय?"

"उद्या पुन्हा बसवीन. तुम्ही पोरांना एकदाच शिकवून सोडून दिलं होतंत का?"

लोक हसले. निर्णय काही झाला नाही. तो आजतागायत झालेला नाही. भोवरा राहिला.

गेल्या वर्षी आत्या झोपेतच गेली. तेराव्याला बाबांनी मुरबाडच्या माणसाला टेम्पो घेऊन बोलावलं होतं. ते दुष्ट नाहीत. त्यांना फक्त सगळं आवरायचं होतं. आमच्या घरात बाबा बोलले की विषय संपतो, आणि मी तो लग्न होऊन गेल्यावरही कधी पुन्हा काढलेला नव्हता. भोवरा इतके दिवस आत्याच्या पलंगाखालून फारसा निघालाच नव्हता. मी खिळ्यावरचा पट्टा काढला.

"तो माझ्याकडे येतोय. ठाण्याला."

"दोन खोल्यांत? हा राक्षस? तुला झेपणार आहे का?"

"नाही झेपलं तर शिकेन. बाबा, टेम्पोवाल्याला परत पाठवा."

"नवऱ्याला विचारलंस?"

"सांगितलंय."

पट्टा वाजला तसा भोवरा बाहेर आला आणि नेसत्या साडीनिशी मला जिन्यावरून ओढत खाली घेऊन गेला. टेम्पोवाल्याने मागचं फळकूट उघडून ठेवलं होतं. आम्ही त्याच्यासमोरून आमच्या गाडीकडे गेलो. दार उघडलं, पण भोवरा चढेना. मागे वळून जिन्याकडे बघत उभा राहिला. वरून बाबा हाका मारत होते, बायका खिडक्यांत आल्या होत्या. मी घाई केली नाही. त्याला बघायचं तेवढं बघू दिलं.

मग त्याच्या पडलेल्या कानाशी वाकून म्हटलं, "ती नाही येणार रे आता. मी आहे. चल."