पद्मनाभांच्या खोक्यात अडकलेली अंबूअक्का

बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या पद्मनाभ मुतालिकांच्या घरात, कंपनीतून निघाली तशीच राहिलेली वस्तू शोधून सापडायची नाही. मिक्सरचं बूड एका कंपनीचं आणि भांडं दुसरीचं. स्कूटरला हॉर्न कुठल्याशा मिनी बसचा, त्यामुळे ते भाजीला निघाले की गल्लीतले लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे आणि बस कुठून येते ते बघायचे. निपाणीकडचा हा माणूस, लिफ्टच्या कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेला. अमकं तमक्याला बसत नाही असं दुकानदारानं सांगितलं, की त्यांना ते स्वतःला टोचून बोलल्यासारखं लागायचं.

कॉम्प्युटर त्यातलाच. लोखंडी खोकं, आतली मदरबोर्डची पाटी, पंखे, सगळं निरनिराळ्या दुकानांतून आणून त्यांनी घरी जोडलं आणि त्यात सफरचंदवाल्या कंपनीची सिस्टीम घातली. ती त्या कंपनीच्या स्वतःच्या यंत्राबाहेर चालायची नसते. चालवायचीच तर तिला पटवून द्यावं लागतं, की बाई, तू तुझ्याच घरात आहेस. पद्मनाभांनी ते खपून खपून पटवलं होतं. तिला मधूनच शंका यायची, मग स्क्रीन काळा व्हायचा. मग हे कुठली तरी फाईल बदलून तिची समजूत काढायचे.

"सासरी आणून ठेवलीय आणि रोज सांगताय माहेरीच आहेस म्हणून," त्यांची बायको कावेरी म्हणायची. "एक दिवस कळणारच की वो तिला."

हा सगळा उद्योग एका गाण्याच्या सॉफ्टवेअरसाठी. ते त्या सिस्टीमवरच चालायचं. आणि त्या सॉफ्टवेअरात होती अंबूअक्का.

अंबूबाई म्हणजे तिथल्या मराठी भजनी मंडळाचा गळा. कुणाची सख्खी नव्हे, पण सगळ्यांची अक्का. उन्हाळ्यात तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला, मागे नुसती कुजबुज राहिली. ऑपरेशनच्या आधी पद्मनाभांनी तिला घरी बसवून दत्ताची पदं भरून घेतली होती. तिचा आवाज वेगळा, पेटी वेगळी, टाळ वेगळे, अगदी शिस्तीत. फक्त तिचा वरचा सूर लागला नेमक्या त्या क्षणी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती काढल्याशिवाय रेकॉर्डिंग बाहेर द्यायचं नाही असा पद्मनाभांचा पण. शिट्टी काढावी तर अक्काचा सूर जायचा, सूर राखावा तर शिट्टी राहायची. या रस्सीखेचीत पदं खोक्यातून बाहेर पडलीच नव्हती. एकसुद्धा नक्कल कुठे नाही.

कोजागिरीला मात्र ती मंडळात लावायची ठरली होती. अक्कानं स्वतः अजून ऐकली नव्हती.

"एकदा ऐकव रे पद्मनाभा," ती त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजली होती. "मी गात होते ते खरं का, एवढं मला बघू दे."

यावर कोण नाही म्हणणार?

तेवढ्यात खंडेनवमी आली. बेंगळुरात त्या दिवशी चाकाच्या आणि विजेच्या कुठल्याच वस्तूची सुटका नसते. रिक्षांना केळीचे खांब लागतात, गल्लीत कोहळे फुटतात. कावेरीची पूजा तर अशी, की सांडशी, सुरी, इस्त्री, घरातली कात्रीसुद्धा पाटावर येते. पद्मनाभ खाली स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवत होते तेव्हा तिनं वर कॉम्प्युटर घेतला. सगळ्या तारा काढल्या, खोकं पुढूनमागून ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि तारा परत जागच्या जागी लावल्या. निदान तिच्या हिशेबानं जागच्या जागी.

संध्याकाळी पद्मनाभ खुर्ची ओढून बसले.

"आज चालू करायचं नसतंय," कावेरी म्हणाली. "शस्त्रं पूजेत असतात."

"शस्त्र कुठलं? कॉम्प्युटर आहे तो."

"मग मघाशी त्याच्यापुढचा नारळ खाल्लात तो कशाचा होता?"

पद्मनाभांनी कळ दाबली. पंखे फिरले. कुठली सिस्टीम लावायची ते विचारणारी पहिली यादी आली, त्यात बाण वरखाली व्यवस्थित हलत होता. मग सफरचंद उमटलं, मग पद्मनाभांचाच फोटो आला आणि त्याच्याखाली पासवर्डची चौकट. त्यांनी बोट टेकवलं. काहीच नाही. कीबोर्ड मेला होता, माऊसही. दारापर्यंत ठणठणीत चालत आलेला माणूस उंबऱ्यावर आडवा व्हावा तसं.

त्यांनी पहिल्यांदा तारा खुपसायची मागची भोकं तपासली. या सिस्टीमला यंत्राची सगळी भोकं मानवत नाहीत, ठरावीकच ओळखता येतात. ती कुठली हे शोधून पद्मनाभांनी त्यांच्या डोक्यावर कावेरीच्या पाकिटातल्या लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. टिकलीवालं भोक चालतं, बिनटिकलीचं चालत नाही. खोकं कोनाड्यात बसवलेलं, पाठ भिंतीला. पद्मनाभांची कंबरही वाकायला नाराज. त्यांनी फटीतून मोबाइलची बॅटरी मारली. कीबोर्डच्या तारेवर लाल दिसलं. माऊसच्या तारेवर लाल दिसलं. झालं, तारांचा प्रश्न मिटला. आता रोग आतच.

दसऱ्याला त्यांचा पुण्याचा भाचा अद्वैत सोनं द्यायला आला. तो हल्ली बेंगळुरातच, सर्जापूर रोडला राहायचा आणि मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काहीतरी करायचा.

"मामा, बेसिकली तुमचं हार्डवेअर सपोर्टेडच नाहीये," स्क्रीन बघून तो म्हणाला. "म्हणजे ऑफिशियली हा कॉम्प्युटर एक्झिस्टच करत नाही."

"मग विजेचं बिल कुणाचं येतंय?"

"तसं नाही मामा. ती कंपनी याला ओळखत नाही."

"ओळखत नाही ते बरंच आहे रे. ओळखलं असतं तर आलीच असती दाराशी. कीबोर्डचं बोल."

अद्वैत बाह्या सरसावून बसला. बाहेरून पेनड्राईव्ह लावून आतल्या फाईली बदलल्या, यंत्राची जुनी आठवण पुसली, नवी भरली. तो दर थोड्या वेळानं म्हणायचा, "आता होईल," आणि पद्मनाभ देवघराकडे बघायचे. पासवर्डची चौकट तशीच, पद्मनाभांचा फोटो तसाच हसरा. मधे कावेरी हातात पळी आणि अक्षता घेऊन आली.

"उठा जरा. सगळ्यांची उत्तरपूजा झाली, मिक्सरची झाली, स्कूटरची झाली. हाच राहिलाय."

"अगं, इथं माणूस मरायला टेकलाय आणि तुझं काय!"

"तेच म्हणते मी. पूजेतनं सोडलाच नाही तर चालेल कसा?"

"मामी, त्याचा काही संबंध नाही," अद्वैत हळूच म्हणाला.

"मग ज्याचा आहे ते कर की रे बाळा," कावेरी म्हणाली आणि पळी घेऊन परत गेली.

संध्याकाळी अद्वैत दमून उठला. कंपनीचं ओरिजिनल घ्या, एवढं सांगून, श्रीखंड खाऊन गेला.

पुढचे दिवस पद्मनाभांनी कसे काढले ते गल्लीनं पाहिलं. शेजाऱ्यांचे कीबोर्ड मागून आणले. खालचे मंजुनाथ आपला कीबोर्ड देताना म्हणाले, "स्वल्प जपून हं सार, मुलीचा आहे," आणि त्याच्यावर मांजरांची चित्रं होती. मांजरंही चालली नाहीत. इंटरनेटवरच्या परदेशातल्या एका गटावर त्यांनी इंग्रजीत प्रश्न टाकला. पहिल्यानं लिहिलं, अशी यंत्रं करूच नयेत. दुसऱ्याला ब्राझीलमध्ये हीच अडचण गेल्या वर्षापासून होती आणि उत्तर मिळालं तर मलाही कळवा, अशी त्यानं उलट विनंती केली. तिसऱ्यानं लिहिलं, माझं झालं, धन्यवाद. कसं झालं ते लिहिलं नाही आणि परत कधी तो दिसला नाही. या तिसऱ्यावर पद्मनाभांचा जितका राग होता तितका त्यांनी आयुष्यात कुणावर धरला नव्हता.

मंडळाचे अप्पासाहेब फोन करायचे. "मुतालिक, कोजागिरीचं कार्ड छापू का? अंबूबाईंची पदं म्हणून लिहितो."

"लिहा," पद्मनाभ म्हणायचे आणि फोन ठेवून कपाळ धरायचे. गाणं आत होतं, ते कुठे गेलं नव्हतं. पण आतली म्हातारी आणि बाहेरची म्हातारी यांच्यात एका कळेचं अंतर होतं आणि ती कळ दबत नव्हती.

कोजागिरीच्या दुपारी अंबूअक्का रिक्षातून स्वतःच येऊन उतरली. नवं लुगडं, केसात अबोली. मंडळात मागच्या बाकावर नीट ऐकू येत नाही, म्हणून इथेच आधी ऐकून जाते म्हणाली. पद्मनाभांनी तिला खुर्ची दिली.

"अक्का, तो... जरा रुसलाय."

अक्कानं खोक्याकडे बघितलं. झेंडूची माळ पार वाळलेली, कुंकवाची बोटं अजून तशीच. ती कावेरीकडे वळली आणि कुजबुजली, "हा अजून पूजेतच?"

"सांगून थकले, अक्का."

"पद्मनाभा, ऊठ."

अक्काला नाही म्हणायची घरात पद्धत नव्हती. पद्मनाभ उठले. कावेरीनं अक्षता टाकल्या, पुन्हा ये बाबा म्हणून हात जोडले. उत्तरपूजेत देव जागेवरून हलवायचा असतो, तसं तिनं खोकं दोन्ही हातांनी धरून हलवलं. पण ते लोखंडाचं. नुसतं हलेना, म्हणून तिनं जोर लावला तर गर्रकन फिरून त्याची पाठच पुढे आली.

पद्मनाभांनी ती पाठ बघितली आणि मटकन पलंगावर बसले.

एकही भोक कुंकवावाचून राहिलं नव्हतं. सगळ्यांच्या कपाळी लाल ठिपका, एकसारखा, ओळीत, हळदीसकट.

"माझ्या टिकल्या?"

"त्या होय? मळल्या होत्या. काढल्या मी."

"आणि ही भोकं? ही सगळी?"

"आता दोघा-चौघांनाच कुंकू लावायचं आणि बाकीच्यांनी काय पाप केलंय?" कावेरी म्हणाली. "वस्तू झाली म्हणून काय, पंक्तिप्रपंच होय!"

पद्मनाभांना रागवायचं होतं, पण त्याला लागणारा वेळ त्यांच्याकडे नव्हता. अक्का बसली होती. ते दात घासायचा जुना ब्रश घेऊन गुडघ्यावर बसले. भोकातलं कुंकू झाडायचं, तार घालायची, वर बघायचं. कावेरी स्क्रीनसमोर उभी राहून सांगायची, "नाही. नाही. नाही वो." अक्का दर वेळी मान हलवायची. मध्येच कावेरी ओरडली, "हालला! बाण हालला!" पद्मनाभांचं डोकं टेबलाच्या कडेला आपटलं, पण ते तसेच धावत येऊन बसले. पासवर्ड टाकताना त्यांच्या बोटाचं कुंकू कळांना लागत गेलं. दार उघडलं.

आता हा बंद करायचा नाही, हलवायचा नाही, याच्याजवळ कुणी जोरात बोलायचंही नाही, असं पद्मनाभांनी जाहीर केलं. गाणं फोनवर घेऊन मंडळात नेऊ या, असं बोलवायला आलेल्या अप्पासाहेबांनी सुचवून बघितलं, पण पद्मनाभांनी फोनकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी तो खिशात ठेवला. शेवटी मंडळच आलं. चंद्र गच्चीवर उगवला आणि भजनी बायका मात्र मसाला दुधाचे पेले घेऊन मुतालिकांच्या झोपायच्या खोलीत, पलंगावर, खाली, दारात दाटीवाटीनं बसल्या, खोक्याकडे तोंडं करून.

शिट्टी राहिली तर राहो, म्हणून पद्मनाभांनी तसंच लावलं. पेटी वाजली आणि अंबूअक्काचा आवाज खोलीत आला, मोठा, भरलेला, थोडा खरखरीत. सवयीनं बायकांनी ध्रुवपद उचललं. अक्कानं हात वर केला.

"गप बसा गं. मला ऐकू द्या."

अक्का डोळे मिटून बसली, दुधाचा पेला मांडीवर तसाच. ओठ हलत होते, पण ती म्हणत होती का नुसती बरोबर चालत होती ते कळत नव्हतं. पदं संपली. पंखे तेवढे घरघरत राहिले.

पद्मनाभांनी खाली वाकून विचारलं, "काय अक्का? तूच ना?"

तिनं पेला खाली ठेवला.

"मीच," ती कुजबुजली. "पण दुसऱ्या पदात फार घाई केली. परत लाव. आता तरी सावकाश म्हणते का बघू."