अनिबालचा वर्ण

अनिबाल मूळचा कोलंबियाचा. ऑकलंडमध्ये पेनरोज भागातल्या एका गोदामात ट्रक भरायच्या पाळ्या लावतो, आणि गेल्या महिन्यापासून माझा मित्र हरीश आणि मंदावहिनी यांचा होणारा जावई आहे. त्यांच्या सिद्धीने त्याला प्रथम घरी आणलं तेव्हा वहिनींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भावजी, गोरा आहे हो!" धर्म, भाषा, पगार, सगळ्या शंका तिथेच विरघळल्या.

पुण्याला वहिनींचे थोरले दीर दीनानाथराव. त्यांना नुसतं तोंडी कसं कळवायचं? म्हणून बायोडाटा करायचं ठरलं. लग्न ठरल्यावर बायोडाटा म्हणजे जेवून हात धुतल्यावर मेनूकार्ड मागण्यासारखं. पण आपल्याकडे कागदावाचून जावई कच्चाच. मराठी टायपिंग येतं या गुन्ह्यासाठी रविवारी सकाळी मला लॅपटॉपसमोर बसवण्यात आलं.

नाव झालं, उंची झाली. जन्मवेळ त्याला ठाऊक होती ती एवढीच: दुपारची जेवणं उरकली होती. मग आला 'वर्ण'.

"म्हणजे काय?" अनिबालने विचारलं.

"स्किन कलर," सिद्धी म्हणाली. "मम, धिस इज सो एम्बॅरसिंग!"

"गोरा लिहा, भावजी."

"पण मी गोरा नाहीये," अनिबाल म्हणाला.

लॉटरी लागलेला माणूस तिकीट फाडताना दिसावा, तशा वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्याने बिचाऱ्याने इंग्रजीत सगळं सांगितलं. गावी तो गोरा. घरात सगळ्यांत उजळ, म्हणून फोटोत कायम पुढे. ऑकलंडमध्ये तोंड मिटून असला की डेअरीवाल्याला तो इथलाच वाटतो, दूध मागितलं की प्रश्न येतो, "कुठला रे तू?" गोदामातला साहेब त्याला 'ब्राउन बॉइज'मध्ये मोजतो, आणि तिथली सामोआ बेटांवरची सावळी पोरं म्हणतात, "तू कसला ब्राउन, ब्रो?" सरकारी फॉर्मवर तो 'इतर'वर खूण करतो. "आणि तुमच्याकडे आलो की पुन्हा गोरा. सकाळी आरशात कुणाची दाढी करतोय तेच कळत नाही."

"मंदे, तुझ्या बायोडाटात काय होतं गं?" हरीशने विचारलं.

"निमगोरी."

"तीस वर्षं शोधतोय, ती गोरी बाजू कुठली!"

वहिनींनी त्याच्यासमोरची पोह्यांची बशी उचलून आत नेली.

इथवर गंमत होती. मग मी फोटो चिकटवला, वहिनींनीच निवडून दिलेला. अनिबाल वाकून बघत राहिला. "यात माझी आई होती," तो म्हणाला.

आता उरला होता तो त्याच्या खांद्यावरचा एक हात. चांगला काळासावळा.

"अरे, बायोडाटात एकट्याचाच लावतात," वहिनी म्हणाल्या. ते खरंही होतं. पण आवाज पडला होता.

"माझी आजी आईला फोटोतून कात्रीने कापायची," अनिबाल म्हणाला. रागाने नव्हे, हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखा. "आई कापली की मी गोरा होतो. मग ती लग्नाला येईल तेव्हा मी कोण?"

"तिलाच विचार की," हरीश म्हणाला. अनिबालने व्हिडिओ कॉल लावला; कोलंबियात शनिवारची संध्याकाळ होती. त्याची आई रोसाल्बाबाई केसांत रोलर अडकवून पडद्यावर आल्या. प्रश्न ऐकून खळखळून हसल्या आणि स्पॅनिशमध्ये सुटल्या. अनिबाल भाषांतर करत होता, त्याचा आवाज मात्र वाक्यागणिक बारीक होत गेला.

"म्हणतेय, गोराच लिहा. एवढं जपलं, दुपारचं फुटबॉलसुद्धा खेळू दिलं नाही."

"बघा!" वहिनी खुलल्या. "विहीणबाई अगदी आपल्यातल्या!"

अनिबालने आईला आणखी काही विचारलं. त्या हात झटकून सहज काहीतरी म्हणाल्या.

"मी विचारलं, फोटोत तू हवीस ना. म्हणते, मी कशाला त्या कागदात?"

वहिनींचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला, मूळ फोटो शोधून काढला आणि स्वतः चिकटवला. रोसाल्बाबाई त्यात जांभळ्या झग्यात ऐसपैस हसत होत्या.

"आणि वर्ण?" मी विचारलं.

वहिनींनी अनिबालकडे पाहिलं.

"लिहा गोरा," तो म्हणाला. "आईचा शब्द आहे. पण फोटो हाच."

"अरे, दोन्ही पाहून पुण्याच्या भावजींना प्रश्न पडेल रे!"

"पडू दे," अनिबाल म्हणाला. "मला एकतीस वर्षं पडलाय."