आमदारांच्या बांधातला मदगू

दत्ताजीराव मद्रासच्या विधानसभेत बोलायला उभे राहिले की पंख्यांची घरघर ऐकू येईनाशी होई. तंजावरकडच्या रायरपट्टीचा हा शेतकरी, पाटाच्या एका काठावरून पलीकडच्या गड्याला हाका मारत लहानाचा मोठा झालेला. समोर माइक नावाची वस्तू कशासाठी ठेवतात, हे त्यांना कधीच पटलं नाही.

१९५७ साली अपक्ष म्हणून ते निवडून आले ते एका वचनावर. पाटाच्या शेपटाकडे कीळपुत्तूर नावाचं गाव होतं. तिथवर पोचेपर्यंत पाण्याची नुसती ओल उरायची. "कीळपुत्तूरला पाणी नेईन, नाहीतर पुन्हा मत मागायला तोंड दाखवणार नाही," असं ते भर सभेत गरजले आणि कीळपुत्तूरनं त्यांना डोक्यावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक अधिवेशनात त्यांचा एकच सवाल असे, "आमचं पाणी मध्येच कोण चोरतं?" मंत्री बदलले, सवाल बदलला नाही. ते उभे राहताना दिसले की मागच्या बाकावरून कुजबुज होई, "तण्णी आलं रे, चला कॉफी घेऊन येऊ." तमिळमध्ये तण्णी म्हणजे पाणी, आणि आमदारसाहेबांचं ते टोपणनाव पक्कं झालं होतं.

सरकारनं त्यांना खोली दिली होती, पण पहाटे उठून तुडवायला तिथं बांध नव्हता. म्हणून मुक्काम मद्रासच्याच वेस्ट मांबलम भागात, थोरल्या बहिणीकडे. सईबाईंच्या परसातल्या चार केळींसाठी त्यांनी एवढे पाट खणले होते की बंदरातल्या कचेरीत कारकुनी करणारे मेहुणे गजेंद्रराव रोज धोतर गुडघ्यापर्यंत उचलून कामावर निघत.

"दत्तू," सईबाई म्हणत, "राज्याला पाणी दे, माझं घर तेवढं वाहू देऊ नको!"

१९६०च्या जुलैत पत्नी धनलक्ष्मी त्यांना गावी न्यायला आल्या. तमिळ पंचांगातल्या आडी महिन्याचा अठरावा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी कावेरीच्या मुलखात नव्या पाण्याची पूजा होते, आणि दत्ताजीरावांच्या घराण्यात ती मदग्यापाशी होई. मदगू म्हणजे पाटाच्या बांधातलं, शेताकडे पाणी सोडणारं तोंड. आजोबांनी पाडलेलं. त्याला हळदकुंकू, काळे मणी, गूळभात. दत्ताजीराव लहानपणापासून त्याच्यापुढे डोकं टेकत आले होते.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सभागृहात नेहमीचा सवाल टाकला. या वेळी मंत्र्यांनी खरोखरच चौकशी केली होती.

"पाटावर एक बेकायदा तोंड आहे," मंत्री शांतपणे म्हणाले. "रायरपट्टीत. सन्माननीय सदस्यांच्याच बांधात."

सभागृह असं हसलं की कॉफीला गेलेले धावत परत आले. दत्ताजीराव पुढचा सवाल न टाकताच खाली बसले. ज्याची इतकी वर्षं पूजा केली ती चोरी असेल, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. देवाकडे परवाना कोण मागतो?

बाहेर नारायणस्वामींनी गाठलं. हे मद्रासच्या अड्यार भागात राहणारे वकील-आमदार. "अहो, घाबरता काय! एक अर्ज करा. तुमचं तोंड कायदेशीर करून घेऊ. कीळपुत्तूरला एखादी विहीर देऊन टाकू."

"विहिरीनं भात पिकतो का हो?" दत्ताजीरावांनी विचारलं. वकिलांना ते ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ताटाकडे न बघताच सांगितलं, "उद्या सभागृहात मदगू बंद करा म्हणून सांगतोय."

धनलक्ष्मी वाढता वाढता थांबल्या. "दुसरं पीक जाईल. माहीत आहे ना?"

"आहे."

"आणि गाव? आपल्या पाण्यावर शेजारची शेतंही भिजतात. तुम्हाला उभं करतील का दारात?"

"नाही करणार. पण मी शब्द दिलाय."

धनलक्ष्मींनी वाढणं तिथंच ठेवलं. पिशवी भरली, गजेंद्ररावांना घेऊन तांबरम स्टेशन गाठलं आणि तंजावरची गाडी धरली. बाई मदगू राखायला गेली की काय, या विचारानं दत्ताजीराव रात्रभर परसातले पाट तुडवत राहिले.

तरी दुसऱ्या दिवशी ते उभे राहिले. "तो मदगू माझा आहे. बंद करा. आधी माझाच."

या वेळी कोणी हसलं नाही. मंत्री म्हणाले, "इंजिनिअर पाठवू. रीतसर वेळ लागेल."

वेळ लागणार, हे ऐकून दत्ताजीराव स्वतःच गावी निघाले. बांधावर पोचतात तो मदग्याच्या जागी चिकणमाती ठासलेली, वर दगड, आणि दगडावर पदर खोचून धनलक्ष्मी.

"सरकारी माणसानं येऊन माझ्या मदग्याला हात लावायचा? आपलं आपण बुजवलं."

"मग पूजा?"

"कीळपुत्तूरला. पाणी तिथं गेलंय. चला, गाडी जुंपलीय."

पुढच्या निवडणुकीत रायरपट्टीनं त्यांच्याविरुद्ध भरभरून मतं दिली. त्यांचा न्हावीसुद्धा विरोधात गेला. पण कीळपुत्तूर आणि आसपासच्या कोरड्या गावांनी त्यांना पुन्हा मद्रासच्या किल्ल्यात भरणाऱ्या विधानसभेत धाडलं.

पहिल्याच दिवशी ते उठले. बाकांवर चलबिचल झाली. आता हा माणूस विचारणार तरी काय?

"सन्माननीय सदस्यांचं पाणी पोचलं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"पोचलं, अध्यक्षमहाराज," दत्ताजीराव माइकला न जुमानता गरजले. "पण कीळपुत्तूरच्या खालीही एक गाव आहे."

मागचं बाक निमूटपणे कॉफीला निघालं.