संत्र्याची वाट

माझं वाजवणं बाबांनी कधीच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मी क्लॅरिनेट हातात घेतलं, की थोड्या वेळाने ते उठायचे, "मोटर पाहून येतो" म्हणायचे आणि विहिरीकडे निघायचे. ती मेली मोटर नेमकी माझ्याच वेळेला कशी आठवायची, देव जाणे! मी वरवर हसायचे, पण मला ते लागायचं. एकदा तरी त्यांनी शेवटपर्यंत बसावं, एवढंच मला हवं होतं.

सौसरच्या शाळेत शिकवता शिकवता मी संगीतात एम.ए. करत होते. त्यासाठी आताच्या एका संगीतकाराच्या रचनेचा आराखडा मांडायचा होता. सगळी फुंकायची वाद्यं: बासऱ्या, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि खाली घुमणारा ट्युबा. कोणती धून कुठे येते, कुठे परतते, ते कागदावर काही केल्या जमेना. रविवारी रामाकोन्याला घरी गेले, ओसरीत सतरंजी टाकली, मोबाईलवर रचना लावली आणि वस्तूच मांडायला बसले. सुरुवातीच्या धुनेला संत्रं, बासऱ्यांना कापसाचं बोंड, ट्युबाला वांगं.

"काय मांडून राहिली बाई?" बाबांनी विचारलं.

मी समजावलं. ते उकिडवे बसले आणि बागेतला माल पाहावा तसे सतरंजीकडे पाहू लागले. संत्रं झालं, बोंड आलं, वांगं आलं, पुन्हा बोंड. मध्येच आईने येऊन वांगं उचललं.

"भाजी टाकाची हाय."

"अवं, ठेव! त्याचं वाजणं चालू हाय अजून!" बाबा खेकसले. मला हसू आवरेना.

रचना संपली.

"अन् संत्रा?"

"तो परत येत नाही, बाबा. आताचे लोक पहिली धून परत आणतातच असं नाही."

"असं कसं? आपले बँडवाले बी नवरदेव दाराशी आला का सुरुवातीचं गाणं वापस वाजवतेत. तुयाच ऐकण्यातून सुटला असन."

ती रचना मला तोंडपाठ होती. संत्रं कुठेच नव्हतं. पण मी मोबाईल पुन्हा जवळ ओढला.

तेवढ्यात लाईट आली. आई आतून ओरडली, "अवो, मोटर चालू करा ना!"

"राहू दे मोटर," बाबा म्हणाले. त्यांनी दुसरं संत्रं हातात तयार धरलं होतं. "लाव बाई, पहिल्यापासून लाव."