सरांनी नाकारलेले दोन सेकंद

माझा पहिला प्रोग्राम कांबळे सरांनी नाकारला, आणि मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

आज सकाळी सर गेले. शिरूरलाच, राहत्या घरी.

रडले. पण खरं सांगू? त्यांची आठवण आली की मला आधी हायसं वाटतं. का, ते लिहिते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मी पुण्याहून डिप्लोमा करून आलेली, नाकावर माशी बसू न देणारी.

काम मिळालं वजनकाट्याचं. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, पावती छापायची. ट्रक-ट्रॅक्टर परत जाताना रिकामे तोलले जायचे; बैलगाड्यांचं रिकामं वजन मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच एकदा नोंदवून ठेवलेलं असायचं.

मी डोकं लढवलं. बैलगाडीचा प्रकार आणि तिचं रिकामं वजन, दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं. पहिला अंक प्रकाराचा, पुढचे तीन वजनाचे.

पावतीमागे दोन सेकंद वाचले! मी हवेत.

सरांनी प्रोग्रामचा प्रिंट घेतला आणि शेतकी विभागातल्या विलासला बोलावलं. विलास क्लार्क. तीन महिन्यांचा फॉक्सप्रोचा, म्हणजे आमचे प्रोग्राम ज्या भाषेत असायचे तिचा, क्लास केलेला, तेवढंच शिक्षण.

"वाच रं."

विलासनं दोनदा वाचलं. "न्हाई कळत, सर."

"मग न्हाई चालायचा."

"सर, विलासला कळत नाही म्हणून? पावतीमागे दोन सेकंद वाचतायत!"

"चला, काट्यावर जाऊ."

घड्याळ हातात धरून उन्हात उभे राहिलो. पहिल्याच गाडीचे बैल काट्यावर चढेनात. गाडीवानानं चुचकारलं, शेपट्या पिरगाळल्या, बैलांच्या सात पिढ्या उद्धारल्या. तीन मिनिटं गेली. मागचा ट्रॅक्टर तेवढ्यात बंद पडला.

"तुमचं दोन सेकंद कुठं गेलं वो, ताई?" सरांनी विचारलं.

काटेवालाही हसला. मला दोघांचा गळा धरावासा वाटला.

सर काही वेगाचे वैरी नव्हते हं. ऊसतोडीची यादी निघायला चाळीस मिनिटं लागायची. ती मी सहा मिनिटांवर आणली, तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. "हितं अवघड लिवलंय ते चालंल. पन का लिवलंय, त्याच्या चार वळी मराठीत टाका वर."

काट्याचा प्रोग्राम मात्र मला परत लिहायला लावला. सरळ, लांबलचक, आतल्या आकड्यांना दिलेली सगळी नावं रोमन लिपीत पण मराठी. ओळखीत नसलेली गाडी आली तर तसं सांगून थांबायचं, अंदाज करायचा नाही. विलासनं घडाघडा वाचला तेव्हा कुठे पास झाला. मी दातओठ खात होते.

पुढच्या हंगामात मी बाळंतपणाला दौंडला, माहेरी. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या दारात कारखान्याची जीप.

मी उठून बसले. काटा बंद पडला असणार, आणि मला न्यायला आले असणार.

ड्रायव्हर आत आला. "ताई, सकाळी नव्या लोखंडी बैलगाड्या आल्या. रिकाम्याच हजार किलोच्या वर! मशीन म्हनलं, ह्यो प्रकार म्हाईत न्हाई. थांबलंच की. रांग पार रस्त्यापत्तुर."

हजाराच्या वर. माझ्या जुन्या प्रोग्रामात वजनाला तीनच अंक होते. हजाराचा एक प्रकाराच्या अंकात मिसळला असता. मशीननं ती दुसरीच गाडी समजून भलतंच वजन वजा केलं असतं, आणि न थांबता पावत्या छापत सुटलं असतं. कुणाच्या उसाचं किती वजन गेलं, कुणाला पत्ता लागला नसता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, विलासनं प्रोग्राम वाचला, नवी गाडी घातली त्यात. सरांनी तपासलं. अर्ध्या तासात काटा चालू! सर म्हनले, ताईस्नी जाऊन सांग, काय अडलं न्हाई, यायची घाई करू नका. आन् ह्ये काकूंनी दिल्यात."

सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, पाठवलेले डिंकाचे लाडू होते.

आपल्यावाचून अडलं नाही याचं कुणाला वाईट वाटेलही. मी लेकीला कुशीत घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले.

कामावर परत आल्यावर सरांना विचारलंच. "सर, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"छ्या. नव्या गाड्यांचं मला तरी कुठं ठावं?" मग म्हणाले, "आमच्या वस्तीत वाचता येनारे आमचे वडील एकटेच. कुनाचा कागद आला की समद्यांनी त्यांची वाट बघत बसायचं. वडील आजारी पडले, तवा चार कागद तसंच पडून ऱ्हायले. एकाचंच वाचता येनं बरं न्हाई, ताई."

सर रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीही काटा वेळेवर सुरू झाला होता. त्यांना एक फोनसुद्धा करावा लागला नाही.

सर, तुमच्या हातचं सगळं आम्हाला वाचता येतंय. काही अडणार नाही.

निवांत जा.

जयभीम.