नको म्हटलं, आणि त्यानं ऐकलं

सिंगापूरला वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात दुपारी तीनला सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. काचेबाहेर संथ ढग, आत एसीची गुणगुण, आणि शाल पांघरून कॉम्प्युटरसमोर तरंगणारी मी. अशाच एका दुपारी माझा चिनी मॅनेजर टेबलाशी आला. "टीम लीड होणार का?"

चार वर्षं मी या प्रश्नाची स्वप्नं पाहिली होती. स्वप्नात मागे सनई असायची. आणि प्रत्यक्षात? पंगतीत जिलबी आली की पुण्याची माणसं करतात तेच मी केलं. पानावर हात आडवा धरला. "छे छे, मला कशाला? दुसऱ्या कुणाला द्या!"

आता तो आग्रह करणार. मी पुन्हा नको म्हणणार. तिसऱ्यांदा लाजत हो.

"ओके लाह," तो इथल्या बोलीत म्हणाला, आणि गेला.

क्लेमेंटीला घरी पोचेपर्यंत मी एमआरटी मेट्रोच्या काचेत स्वतःकडेच बघत होते. सगळं ऐकून नवरा पोट धरून हसला. "अगं, लग्नाला गेली होतीस का? उद्या जा आणि माग."

"स्वतःच्या तोंडानं?"

"मग काय माझ्या?"

सकाळी मॅनेजरला मी सगळी पंगत करून दाखवली. त्याची फाईल म्हणजे पान, मीच वाढपी, मीच पाहुणी. तो खूप हसला. मग सहज म्हणाला, "मला वाटलं, तुम्हा इंडियन बायकांचं घर आधी. म्हणून परत विचारलं नाही."

चार वर्षांत घरचं कारण सांगून मी एकही सुट्टी घेतली नव्हती. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"दुसरं नाव वर कळवलंय," तो म्हणाला. ते नाव मीच काम शिकवलेल्या सहकाऱ्याचं होतं. "बदलायचं तर बाराव्या मजल्यावर डायरेक्टरना तूच सांग."

काचेची लिफ्ट ढगात शिरावी तशी वर निघाली. मी तालीम करत होते, "मला हवंय, मला हवंय." कोपऱ्यात मॉप घेतलेल्या सफाईवाल्या आँटी होत्या. "काय हवंय?"

"बढती."

"मग मोठ्यानं बोल लाह!"

वर डायरेक्टर बाई फोनवर होत्या. त्यांनी बसायची खूण केली. मी उभीच राहिले, आणि त्यांनी फोन खाली ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "टीम लीडचं काम मला हवंय. काल नाही म्हणाले, ती माझी चूक."

त्यांनी कॅलेंडर ओढलं. "सोमवारपासून जमेल?"

'बघते हं' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"जमेल," मी म्हणाले, आणि मग बसले.